काउंट +६ होता तरी हरलो, असं कसं?

ताई, मी २८ वर्षांचा आहे, सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये काम करतो. तीन आठवड्यांपासून ब्लॅकजॅकचं, म्हणजे २१ च्या वर न जाता डीलरपेक्षा जास्त करायच्या पत्त्यांच्या खेळाचं, कार्ड काउंटिंग शिकतोय. हाय-लो सिस्टिम येते, एक कॅट पन्नासेक सेकंदात मोजून होतो. पण ॲपवर खेळायला बसलो की गाडी अडते. सहा कॅटच्या गेममध्ये पहिल्या चार-पाच डावांतच काउंट +६ झाला म्हणून दहापट बेट लावली आणि हरलो, असं तीनदा झालं. १६ असले की मी पत्ता घेतच नाही कारण बहुतेक वेळा बस्ट होतो, २१ च्या वर जातो. गणित बरं आहे पण मेमरी अगदीच यथातथा आहे, त्यामुळे असेल का? फोन खिशात ठेवून त्यावर काउंट ठेवला तर चालतो का? आणि मुळात हे सगळं लीगल आहे ना? माझ्याकडे सहा महिन्यांच्या खर्चाएवढी सेव्हिंग आहे, तीच बँकरोल म्हणून वापरायचा विचार आहे. बायकोला अजून सांगितलं नाहीये, आधी जिंकून दाखवतो म्हटलं. किती दिवसांत तयार होईन?
— मोजता मोजता

अरे मोजता मोजता, तुझं +६ वाचून मला हसूच आलं, तुझं नाही रे, माझं मलाच, कारण अगदी हाच घोळ मी पण घातलाय आणि तोही ॲपवर नाही, खऱ्या टेबलावर. ते येतंच पुढे.

आधी मेमरीचं सांगते, कारण हा गैरसमज सगळ्यांनाच असतो. काउंटिंगमध्ये एकही पत्ता लक्षात ठेवायचा नसतो. दुर्रीपासून छक्कीपर्यंत प्रत्येक पत्त्याला अधिक एक, सत्ती अठ्ठी नव्वी सोडून द्यायच्या, दश्शी, गुलाम, राणी, राजा आणि एक्का ह्यांना उणे एक, आणि डोक्यात फक्त एक आकडा वरखाली करत राहायचं, बास. जिना चढताना पायऱ्या मोजतोस त्याहून जास्त मेमरी लागत नाही. एका कॅटमध्ये अधिकवाले २०, उणेवाले २० आणि बिनकामाचे १२, म्हणून पूर्ण कॅट मोजला की शेवटी शून्यच यायला पाहिजे, नाही आला तर चुकलास. हे १९६३ पासून असंच चालू आहे, हार्वी डबनर नावाच्या माणसाने ते मांडलं आणि आजही नव्याला शिकवायला ह्याच्याहून सोपं काही फारसं नाहीये. तेव्हा मेमरी ठीक आहे तुझी. गडबड दुसरीकडे आहे.

तू ज्याला +६ म्हणतोयस तो रनिंग काउंट झाला, नुसती चालू बेरीज. सहा कॅट म्हणजे ३१२ पत्ते, त्यातले पहिल्या चार-पाच डावांत फार तर एक कॅटभर बाहेर आले असतील, अजून पाच कॅट आत बसलेत. सहाला पाचाने भाग. एक आणि वर थोडंसं. ह्याला ट्रू काउंट म्हणतात आणि बेट ह्याच्याकडे बघून लावायची असते, तुझ्या त्या +६ कडे बघून नाही. सहा छोटे पत्ते जास्त निघून गेले खरे, पण उरलेल्या अडीचशेहून जास्त पत्त्यांत त्याचा असर किती होणार, पातेलंभर पाण्यात चमचाभर साखर. ट्रू काउंट एकाने वाढला की पारडं साधारण अर्धा टक्का तुझ्याकडे झुकतं, आणि बऱ्यापैकी नियमांच्या टेबलावर, तू बिनचूक खेळत असलास तर, कॅसिनो सुरुवातीला अर्धा टक्का तुझ्या पुढे असतो. म्हणजे +१ ला तुम्ही दोघं कसेबसे बरोबरीत आलात, आणि त्या बरोबरीच्या खेळात तू दहापट लावून बसलास. हेच +६ शेवटचे दोन कॅट उरलेले असताना आले असते तर ट्रू काउंट +३ झाला असता, तुझ्या बाजूने एक टक्का, तेव्हा मोठी बेट शंभर टक्के बरोबर.

आणि तरीही हरला असतास, बहुतेक.

हे पचायला वेळ लागतो म्हणून सविस्तर सांगते. +३ ला सुद्धा तू शंभरातले साधारण ४३ हात जिंकतोस आणि ४८ हरतोस, बाकीचे बरोबरीत सुटतात. हो, जिंकण्यापेक्षा हरणंच जास्त. मग फायदा येतो कुठून? तर ब्लॅकजॅक, म्हणजे पहिल्या दोनच पत्त्यांत एक्का आणि दहाचा पत्ता, लागला की तुला दीडपट मिळतात पण डीलरला लागला तर तुझी फक्त एकपट जाते, वर तुला डबल करता येतं, म्हणजे बेट दुप्पट करून एकच पत्ता घ्यायचा, स्प्लिट करता येतं, म्हणजे जोडीच्या पत्त्यांचे दोन हात करायचे, डीलरला ह्यातलं काहीच करता येत नाही, त्याला बिचाऱ्याला १७ होईपर्यंत पत्ता ओढायचाच आहे. मोठे पत्ते जास्त उरले असले की ब्लॅकजॅक जास्त लागतात, तुझे डबल सफल होतात आणि १२ ते १६ वर अडकलेला डीलर ओढून ओढून बस्ट होतो. छोटे पत्ते उरले असले की तोच डीलर १४ वर छक्की ओढून २० करतो आणि आपण त्याच्या तोंडाकडे बघत बसतो. काउंटिंग म्हणजे एवढंच, पुढे येणारं ताट कुणाच्या बाजूचं आहे त्याचा अंदाज. पुढचा पत्ता कुठला ते कळत नाही, कुणालाच कळत नाही.

एक डाव तुझ्यासमोर मांडून दाखवते. सहा कॅटचा नवा शू, म्हणजे पत्ते वाटायचा डबा, आपण तिघं आणि डीलर. पहिल्या माणसाला राजा आणि छक्की, एकमेकांना खाऊन टाकतात, शून्य. दुसऱ्याला पंजी आणि तिर्री, अधिक दोन. मला एक्का आणि सत्ती, एक्क्याचा एक उणे, सत्ती बिनकामाची, म्हणजे अधिक एक. डीलरची उघडी चव्वी, अधिक दोन. पहिला १६ वर थांबला, बरोबर केलं, डीलरची चव्वी आहे म्हटल्यावर थांबायचंच. दुसऱ्याने आठावर पत्ता घेतला, दुर्री आली, अधिक तीन, परत घेतला, नव्वी, १९ झाले. माझे एक्का-सत्ती म्हणजे मऊ १८ (एक्का ११ किंवा १ धरता येतो), चव्वीसमोर डबल करायचं असतं, केलं, राणी आली, १८ च राहिले, काउंट अधिक दोन. आता डीलरने झाकलेला पत्ता उलटला, गुलाम, अधिक एक, त्याचे १४ झाले. ओढला, छक्की. वीस. तिघंही गारद, माझे तर दुप्पट गेले. काउंट अधिक दोन, पण बाहेर फक्त १२ पत्ते आलेत, पावणेसहा कॅट अजून आत, म्हणजे ट्रू काउंट शून्यच धर आणि पुढची बेट आहे तीच, सगळ्यात छोटी. ह्या डावात माझं काय चुकलं? काहीच नाही. मोजणं बरोबर, खेळणं बरोबर, बेट बरोबर, दोन युनिट, म्हणजे छोट्या बेटच्या दुप्पट, गेले. असे हरलेले डाव एका तासात कितीतरी येतात आणि त्यातल्या प्रत्येकानंतर तुला तोंड न पाडता पुढचा काउंट चालू ठेवायचाय.

आता तुझं ते १६ वर थांबणं. पत्रात तू ते येता-जाता लिहिलंयस पण मला विचारशील तर तुझ्या पत्रातली सगळ्यात मोठी गळती हीच आहे, दहापट बेटपेक्षाही मोठी, कारण ती बेट तीनदा लावलीस आणि हे रोज करतोयस. बेसिक स्ट्रॅटेजी म्हणजे तो चार्ट, तुझे पत्ते आणि डीलरचा उघडा पत्ता बघून काय करायचं ते, तो आधी हाडात मुरायला पाहिजे, काउंटिंग त्याच्या वरचा मजला आहे. डीलरची दुर्री ते छक्की असेल तर १६ वर थांब, बरोबर. पण सत्ती असेल आणि तू थांबलास तर शंभर युनिटमागे साधारण ४८ घालवतोस, पत्ता घेतलास तर ४१. दोन्हीकडे मार आहेच, पण सात युनिटने कमी. बस्ट होणं डोळ्यांना दिसतं म्हणून ते लागतं, आणि थांबून हरलो तर डीलरचं नशीब म्हणून सोडून देतो आपण, माणसाचं मन असंच चालतं. डीलरचा दहा असेल तर मात्र गंमत आहे, घे नाहीतर थांब, तोटा जवळपास सारखाच, इतका सारखा की तिथे काउंटच निकाल लावतो, शून्याच्या वर असेल तर थांबायचं आणि खाली असेल तर घ्यायचा. सरेंडर मिळत असेल तर अर्धे सोडून मोकळं व्हायचं, ते ह्या दोन्हीपेक्षा बरं.

असाच दुसरा हिशेब इन्शुरन्सचा, डीलरचा एक्का उघडा असला की त्याला ब्लॅकजॅक लागेल ह्यावर वेगळी पैज लावणार का विचारतात ना, तो. एरवी कधीच घ्यायचा नाही, कारण झाकलेला पत्ता दहाचा असायला तीनात एक तरी शक्यता लागते आणि ५२ पत्त्यांत दहाचे १६ च असतात, तिसऱ्या हिश्श्याला कमी पडतात. ट्रू काउंट +३ झाला की मात्र घ्यायचा. अशा काउंटप्रमाणे बदलणाऱ्या जागा बऱ्याच आहेत, पण तुला सध्या ह्या दोनच पुरेत, बाकी नंतर.

प्रॅक्टिसबद्दल. पन्नास सेकंद नव्यासाठी वाईट नाही, पण तीसच्या आत आण, आणि त्यासाठी पत्ते एकेक करून मोजणं बंद कर. दोन-दोन उलट, राजा-छक्की दिसले की काहीच न म्हणता पुढे, पंजी-तिर्री दिसले की दोन, डोळ्याला जोडी दिसली पाहिजे, बेरीज नाही. मोजायच्या आधी एक पत्ता न बघता बाजूला काढून ठेव, शेवटी काउंट +१ आला तर बाजूचा मोठा आहे, −१ आला तर छोटा, शून्य आला तर सत्ती-अठ्ठी-नव्वीतला. ओळखून मग उलटायचा. ह्यात फसवता येत नाही स्वतःला. त्यानंतर टीव्ही लावून मोज, कुणाशी तरी बोलत बोलत मोज, फोनवर कुणाला घराचा पत्ता सांगता सांगता मोज. आणि जे कुणीच करत नाही ते कर, सहा कॅट विकत आण आणि त्यांचे एक, दोन, तीन, साडेतीन असे गठ्ठे करून नुसते बघत बस, कारण टेबलावर वापरलेले पत्ते ट्रेमध्ये रचून ठेवलेले असतात आणि त्या ढिगाकडे एक नजर टाकून किती कॅट उरले ते तुला सांगता यायला पाहिजे. भागाकार तिथे होतो. तुझं +६ तिथेच फसलं.

तरी भागाकार नकोच वाटला तर नॉक-आउट नावाची पद्धत आहे, तिथे सत्तीलाही +१ धरतात, त्यामुळे कॅट संपताना शून्याऐवजी +४ येतो आणि भागायची गरजच राहात नाही, सुरुवातीचा आकडा किती कॅट आहेत त्यावरून ठरवायचा. पण तू गणितात बरा आहेस म्हणतोस, हाय-लो सोडू नकोस. तीन आठवड्यांत सिस्टिम बदलणारे लोक वर्षानंतरही सिस्टिमच बदलत असतात.

फोनचं. नाही. अजिबात नाही. डोक्याने मोजणं आणि यंत्राने मोजणं ह्यात कायद्याच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक आहे. लास व्हेगास ज्या राज्यात आहे त्या नेवाडात १९८५ पासून अशा उपकरणाची मदत घेणं गुन्हा आहे, जेलमध्ये जाण्याइतका गंभीर, मग ते खिशात असो की बुटात. आणि डोक्याने मोजणं तिथे गुन्हा नाही, तू समोर ठेवलेले पत्ते बघून विचार करतोयस, एवढंच. पण गुन्हा नाही म्हणजे ते तुला खेळू देतीलच असंही नाही हं. कॅसिनो खाजगी जागा आहे, नेवाडात ते तुला सरळ सांगू शकतात की उद्यापासून येऊ नका. उलट ॲटलांटिक सिटीत, केन उस्टन नावाच्या खेळाडूने केस लढवली आणि १९८२ मध्ये न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की चांगला मोजतो म्हणून कॅसिनोने माणसाला परस्पर बाहेर काढायचं नाही. मग तिथल्या कॅसिनोंनी काय केलं, मोजणारा दिसला की पत्ते लवकर पिसायला घेतले, विषय संपला. जिथे खेळशील तिथला कायदा आधी वाच, एवढं मी सांगू शकते, एका गावचा नियम दुसऱ्या गावी चालत नाही.

मलाही एकदा सांगितलंय, कुठे ते जाऊ दे. मॅनेजर आला, अगदी गोड बोलला, म्हणाला तुमचा खेळ आमच्यासाठी जरा जास्तच चांगला आहे, बाकी काहीही खेळा पण ब्लॅकजॅक नको. सिनेमात मारामारी दाखवतात तसं काही नाही, पाणी पण विचारलं त्याने. वाद न घालता चिप्स उचलायच्या, पैसे करून घ्यायचे आणि निघायचं. खरं सांगू का, त्या दिवशी मला वाईट वाटण्याऐवजी सर्टिफिकेट मिळाल्यासारखं झालं होतं.

आणि ज्या दिवशी कुणी येऊन काही बोललं नाही तो दिवस ऐक. चौथा तास होता, शेजारी बसलेला माणूस बोलका, कुठून आलात, काय करता, आणि मी उत्तर देता देता काउंट हरवला. सात होता की नऊ? मी नऊ धरला. विसरलेला काउंट नेहमी जास्तीचाच आठवतो, कधी कमीचा आठवल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. तरी नऊ, तीन कॅट उरलेत, म्हणजे +३, असं म्हणून मोठी लावली. हरले. परत लावली. परत हरले. मग ट्रेकडे नीट बघितलं तर तीन नाही, साडेचार कॅटचा माल आत होता, आणि पैजा चुकीच्या भागाकारावर लावल्या होत्या मी. नऊ धर की सात धर, साडेचाराने भागल्यावर दोनच्या वर जात नाही. काउंट हरवला की बेट खाली आणायची किंवा उठून हातपाय मोकळे करायचे, हे मला माहीत होतं रे. माहीत असून केलं नाही.

आता एक जुनी गोष्ट सांगते, तुला पैशांचं सांगण्याआधी. १९५६ मध्ये अमेरिकी लष्करातल्या चौघांनी साध्या डेस्क कॅल्क्युलेटरवर ब्लॅकजॅकची बेसिक स्ट्रॅटेजी काढली, मग एडवर्ड थॉर्प नावाच्या गणितज्ञाने एमआयटीतल्या आयबीएम ७०४ कॉम्प्युटरवर पुढचा हिशेब केला आणि १९६२ मध्ये पुस्तक लिहून जगाला सांगितलं की हा खेळ मोजून हरवता येतो. कॅसिनो घाबरले. एप्रिल १९६४ मध्ये लास व्हेगासच्या कॅसिनोंनी नियम आवळले, डबल फक्त ११ वर, एक्के स्प्लिट करायचे नाहीत वगैरे. तर लोकांनी खेळणंच सोडलं, आणि काही आठवड्यांत नियम परत पहिल्यासारखे करावे लागले. त्यानंतर झालं असं की पुस्तक वाचून आलेल्यांची रीघ लागली, टेबलं भरली, आणि कॅसिनोंचा धंदा वाढला. कारण वाचलं सगळ्यांनी आणि जमलं मूठभरांना. अर्धवट मोजणारा माणूस कॅसिनोचं आवडतं गिऱ्हाईक असतो, त्याला वाटत असतं आपण पुढे आहोत म्हणून तो साध्या माणसापेक्षा मोठ्या पैजा लावतो आणि जास्त वेळ बसतो. तू आज नेमका तिथे उभा आहेस, रनिंग काउंटवर दहापट लावणारा, १६ वर थांबणारा. रागावू नकोस.

तर पैसे. सगळ्यात छोट्या बेटला युनिट म्हण. सहा कॅटचा चांगला गेम, खाली एक युनिट आणि काउंट वर गेला की बारापर्यंत, सगळं बिनचूक खेळलास तर तासाला सरासरी दीडेक युनिट मिळतं. दीड. आणि एका तासात वरखाली होतं ते साधारण ३० युनिट. हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहून भिंतीवर लाव. वीस तास खेळलास तर सरासरीने ३० युनिट वर असायला पाहिजेस, पण हेलकावा १३० च्या आसपासचा, म्हणजे एकही चूक न करता वीस तास खेळणाऱ्या शंभर जणांतले चाळीसेक जण तोट्यात उठतात. ४०० तासांनंतरही सहातला एक जण तोट्यातच असतो. आणि ह्यात प्रवास, राहणं, टिप काहीच धरलेलं नाही. म्हणून हजारेक युनिटचा बँकरोल पाहिजे म्हणतात, आणि बँकरोल म्हणजे असा पैसा की जो पूर्ण गेला तरी घरातलं एकही काम अडत नाही. तुझी सहा महिन्यांची सेव्हिंग त्यासाठी नाहीच, ती नोकरी गेली किंवा कुणी आजारी पडलं तर लागणारी आहे, तिला हात लावू नकोस. घाबरलेल्या पैशाने मोजणारा माणूस +४ ला छोटी लावतो आणि हरल्यावर वसुलीसाठी −२ ला मोठी लावतो, हे मी बघितलंय. कधीही काउंट बघून नाही तर आधीचा हात बघून बेट वाढवावीशी वाटली तर त्या दिवशी उठायचं. दुसऱ्या दिवशीही तसंच वाटलं तर काउंटिंगचा नाद सोडायचा आणि कुणाशी तरी मोकळं बोलायचं, ते मग गणित राहिलेलं नसतं.

आणि बायको. 'आधी जिंकून दाखवतो' हे ऐकायला बरं वाटतं, पण वरचे आकडे बघ आणि सांग, दाखवणार काय? पहिल्या वीस तासांत तू जिंकलास तरी ते नशीब आणि हरलास तरी नशीब, दोन्हीतून तुला येतं की नाही हे सिद्धच होत नाही. जिंकून घरी गेलास तर ती विचारणार पैसे कुठले, आणि हरून गेलास तर तू सांगणारच नाहीस, मग ते हरलेले भरून काढायला परत जाशील. आज सांग. तुला नेमकं कसं सांगू असं वाटत असेल तर कॅट घेऊन बस, तिला एक पत्ता काढून लपवायला सांग आणि मोजून ओळखून दाखव. मग भिंतीवरचे दोन आकडे दाखव. ती काय म्हणेल मला माहीत नाही, पण तुला पत्ता लपवायला माणूस मिळेल, प्रॅक्टिसला ते लागतंच.

टेबलाचं थोडक्यात, कारण त्याला अजून अवकाश आहे. ब्लॅकजॅकला तीनास दोन देतात की सहास पाच ते टेबलावर छापलेलं असतं, वाचायचं. सहास पाच म्हणजे दहा युनिटवर पंधराच्या जागी बारा, एवढ्यानेच कॅसिनोचा वाटा जवळपास १.४ टक्क्यांनी वाढतो, कितीही मोज, बसायचंच नाही तिथे. वापरलेले पत्ते लगेच परत आत ओढून पिसत राहणारं मशीन असेल तर काउंट कधी साठतच नाही, पुढे चल. सहातले शेवटचे दीड कॅट कापून ठेवत असतील तर उत्तम, तीन ठेवत असतील तर सोड. ऑनलाइन गेममध्ये बहुतेक ठिकाणी प्रत्येक हाताला नव्याने पिसतात, तिथे मोजणं म्हणजे वाहत्या नळाखाली बिनबुडाची बादली धरणं.

किती दिवस म्हणतोस. रोज तासभर दिलास तर चार्ट बिनचूक व्हायला महिना, काउंट आणि भागाकार अंगवळणी पडायला अजून दोन-तीन महिने, कमी सांगितलं तर खोटं होईल. तोवर पैसे लावायचे नाहीत, ॲपवरची नाणीसुद्धा मोजू नकोस. महिन्याने परत लिही, पण किती जिंकलास ते लिहू नकोस, ते मी वाचणार नाही. चार्टवर शंभर हातांत किती चुका होतात, कॅट किती सेकंदात होतो, न मोजता रचलेल्या ढिगातले कॅट अर्ध्याच्या फरकाने सांगता येतात का, हे लिही. आणि लपवलेला पत्ता बायकोने कुठला काढला होता, ते पण.